उठता उठता सांगायची गोष्ट

आमच्याकडं महत्त्वाची गोष्ट बसून सांगत नाहीत. उठता उठता सांगतात.

करमाडच्या पुढं आडबाजूला आमचं गाव. तिथं एखादा माणूस काम घेऊन दुसऱ्याच्या घरी गेला, की आधी पाऊसपाणी, मग ज्वारी, मग कुणाची म्हैस व्याली, मग चहा. चहा झाला की परत एकदा पाऊसपाणी, कारण मघाशी ते नीट झालेलं नसतं. मग पाहुणा उठतो, "येतो मग," म्हणतो, एक पाय चपलेत घालतो आणि दुसरा पाय चपलेत जायच्या आत म्हणतो, "बरं, ते एक होतं." ते जे 'एक' असतं, त्याच्यासाठीच तो आलेला असतो. बसून मागितलं तर समोरच्याला तोंडावर नाही म्हणावं लागतं आणि दोघांचीही पंचाईत होते. उंबऱ्यात मागितलं की ऐकणारा नुसतं "हां हां" म्हणतो. मग विचार करतो, बायकोला विचारतो, आणि जमणार नसेल तर सकाळी कुणाच्या तरी तोंडी निरोप धाडतो. निरोप आला नाही, तर काम झालं समजायचं.

माझं लग्न याच पद्धतीनं ठरलं. आमचे वडील मुलीच्या घरी दिवसभर बैलांविषयी बोलले आणि निघताना म्हणाले, "बरं, आमच्या पोराचंबी बघायचं व्हतं." सकाळी नकाराचा निरोप आला नाही. मी नवरदेव झालो.

गावात या पद्धतीनं कुणाचं काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते मी ही पद्धत डोक्यात घेऊन चितेगावच्या एका कारखान्यात नोकरीला लागलो तेव्हा.

पैठण रस्त्याला दुतर्फा शेतं होती आणि शेतांमधून कारखाने उठत होते, तो काळ. आमच्या कारखान्यात मोटारसायकलींना लागणारे पत्र्याचे भाग व्हायचे. मी डिप्लोमा झालेला, त्यामुळं लवकरच प्रेस शॉपचा सुपरवायझर झालो. कॅंटीनमध्ये माझ्यासारखा बोलणारा दुसरा नव्हता. मोठ्या साहेबांची नक्कल तर मी अशी करायचो, की वाढणारी मावशी पातेल्यावर डाव आपटून दाद द्यायची. आणि सकाळी त्याच मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये मीटिंगला बसलो की माझी बोबडी वळायची.

मोठे साहेब पुण्याकडचे. माणूस वाईट नव्हता. मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवायचे आणि एकेकाला विचारत जायचे.

"प्रेस शॉप, काल रिजेक्शन का वाढलं?"

"हो सर."

"हो काय? का वाढलं, विचारतोय."

"बघतो सर."

"तुम्ही बघताय, मीही बघतोय. सांगायचं कुणी?"

सगळे हसायचे. सगळे हसतात म्हणून मीही हसायचो. रिजेक्शनचं कारण मला ठाऊक असायचं. पत्रा खराब आलेला असायचा, पण तो पत्रा घेणारे खरेदीवाले माझ्या मांडीला मांडी लावून बसलेले असायचे. त्यांच्यादेखत कसं सांगणार? मीटिंग संपली की मी साहेबांना जिन्यात गाठायचो आणि म्हणायचो, "सर, ते पत्र्याचं एक होतं." तोवर साहेब जिना उतरून गेलेले असायचे, निदान मनानं तरी.

फोनची तर वेगळीच तऱ्हा. साहेबांचा फोन आला की मी आपोआप उभा राहायचो. एकदा असा ताडकन उभा राहिलो की वायर ओढली गेली आणि फोन खाली पडला. साहेबांना वाटलं, मी त्यांच्या कानावर फोन आपटला. तसं नव्हतं हे सांगायला मी लगेच उलटा फोन लावला आणि बोलण्याची सुरुवात पावसापासून केली.

असो. हे सगळं हसण्यावारी जात होतं, तोवर ठीक होतं.

आमच्या प्रेस शॉपमधले सगळ्यात जुने ऑपरेटर म्हणजे चाचा. राहायला शहरात, शहागंजच्या मागच्या गल्लीत. कारखान्याला कंपाउंडसुद्धा नव्हतं तेव्हापासून ते कामाला. माझ्याशी मराठी बोलायचे, मध्येच दखनीत घुसायचे, आणि मशीनशी मात्र फक्त दखनीतच बोलायचे. "चल मेरी माँ, चल. कायकू रूठती?" मी नवखा होतो तेव्हा पत्रा कसा धरायचा, डाय कसा बसवायचा, म्हणजे पत्र्याला आकार देणारा तो लोखंडी साचा, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. बदल्यात मी त्यांना साहेबांची नक्कल करून दाखवायचो.

एक दिवस कॅंटीनमध्ये चाचांनी कपातला चहा बशीत ओतला, तो बशीच्या शेजारी टेबलावर पडला.

"टेबल टेढा है," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दुसऱ्या टेबलावर बसलो. तेही टेढंच निघालं. तिसऱ्या टेबलावर मी गुपचूप त्यांच्या हातातला कप घेतला आणि चहा ओतून दिला. चाचांनी तो एका दमात संपवला. जेवणाची सुट्टी संपायच्या आत मला शेडच्या मागं, भंगाराच्या ढिगापाशी घेऊन गेले.

"शक्कर आहे ना बेटा," ते म्हणाले. "पहले धुकं होतं. अब एका डोळ्यात पडदाच आला समज. दुसरा आपला आहे कसातरी."

"कधीपासून?"

"बकरी ईदच्या अगोदरपासून."

"आणि प्रेस कशी चालवता मग?"

"जुनी प्रेस हाताला पाठ आहे रे. तू अंधारात आपल्या घरात फिरतो का नाही? तसं. पण ती नवीन आली ना, ती मला वळखत नाय आणि मी तिला."

नवीन आली ती म्हणजे नवीन प्रेस. दणदणीत वेगाची. नुकतीच खोक्यातून काढून बसवली होती, आणि मोठ्या साहेबांनी ठरवलं होतं की सोमवारपासून ती सगळ्यात अनुभवी माणसाच्या हाती द्यायची. म्हणजे चाचांच्या. साहेबांच्या मते हा चाचांचा मान होता.

"ये मशीन मेरा हात खाएगी," चाचा म्हणाले. अगदी साध्या आवाजात, जेवण खारट झालंय असं सांगावं तसं. "तू साहेबाशी बोल. तू ऑफिसर आहे, तुझं ऐकतील. मला डाय स्टोअरला टाका म्हण. पण डोळ्याचं नक्को सांगू. डोळ्याचं निघालं, की पर्सोनेलवाले मला घरी बसवतील."

"घरी पोरगा आहे की. दुकान आहे."

"म्हणून तर. त्याच्या कपड्याच्या दुकानात मला स्टुलावर बसवील. गिऱ्हाईक म्हणेल चाचा, सफेद दिखाओ, मी काळा काढीन. घरात कुणाला म्हाईत नाय अजून. कंपनीची बस गल्लीच्या तोंडाशी येती ना बेटा, तिच्यात चढतो तवर मी माणूस आहे."

म्हणजे काम असं होतं: चाचांचा हात वाचला पाहिजे, नोकरी वाचली पाहिजे, आणि डोळ्याचा विषय निघता कामा नये. एका वाक्याचं काम. बोलायचं मी होतं, एवढीच काय ती अडचण.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ही जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. मुलांपुढं बोलून बोलून हिचा आवाज असा तयार झालेला, की गल्लीतली बाकीची पोरंही हिच्या हाकेला 'हजर' म्हणायची. ती म्हणाली, "मी साहेब होते, तुम्ही बोला." गजराचं घड्याळ आणून समोर ठेवलं आणि पलंगावर मांडी घालून बसली.

"हं, प्रेस शॉप. बोला."

"सर, यंदा पाऊस..."

"पाऊस नाय. कामाचं बोला."

"सर, आपल्या प्रेस शॉपमध्ये बरीच जुनी, अनुभवी मंडळी आहेत. त्यांच्याविषयी कधीतरी जरा..."

"कधीतरी म्हणजे कधी?"

"असं मध्येच विचारतात का साहेब?"

"विचारतात. घड्याळ लावून बसतात म्हणालात ना? अहो, पहिल्याच वाक्यात सांगून टाका. चाचांना नवीन प्रेसवर नका देऊ, डाय स्टोअरला द्या. का, तर तिथले डाय त्यांच्या हाताखालून गेलेत. संपलं."

"असं तोंडावर मागायचं? भिकाऱ्यासारखं?"

"भिकारीच लई गोलगोल बोलतो," ती म्हणाली. "तुमच्या वडलांनी मला मागायला आख्खा दिवस घातला, तेच तुमच्या अंगात मुरलंय. माझे वडील आईला विचारत होते, ही माणसं पोरगी बघायला आलीत का बैल घ्यायला."

मी वाक्य पाठ केलं. आंघोळ करताना म्हटलं, बसस्टॉपवर म्हटलं. शेजारी उभ्या असलेल्या बाई पर्स सावरत दोन पावलं लांब सरकल्या, पण वाक्य मात्र तोंडात चांगलं बसलं.

शनिवारी मीटिंगमध्ये साहेबांनी घड्याळ काढून ठेवलं. फिरत फिरत माझा नंबर आला.

"प्रेस शॉप?"

"सर, आपल्या प्रेस शॉपमध्ये बरीच जुनी, अनुभवी मंडळी आहेत."

"आहेत ना. अभिमान आहे आपल्याला त्यांचा. पुढं?"

साहेब मनापासून बोलले होते. त्यांच्या शेजारी पर्सोनेलवाले बसलेले, हातातल्या पेनाचं टोपण काढून तयार. त्या टोपणाकडं बघितलं आणि पाठ केलेलं वाक्य कुठं गेलं, कळलंच नाही.

"पुढं काही नाही सर."

"छान," साहेब म्हणाले आणि पेंट शॉपकडं वळले.

मीटिंग संपली. साहेबांना शहरात जायचं होतं. खाली जीप उभी. साहेबांचा एक हात दारावर, एक पाय पायरीवर, अशा अवस्थेत मी त्यांना गाठलं. आणि काय सांगू, तिथं माझी जीभ अशी मोकळी झाली, की मलाच नवल वाटलं. उंबरा सापडला होता ना.

"सर, ते एक होतं. चाचांना नवीन प्रेसवर नका देऊ, डाय स्टोअरला द्या. तिथले डाय त्यांच्या हाताखालून गेलेत."

"हां हां," साहेब म्हणाले. जीप निघाली.

मी तरंगतच शेडमध्ये आलो. शनिवार गेला, रविवार उजाडला. नकाराचा निरोप आला नाही. निरोप येणार कसा? साहेबांना माझं घर कुठल्या दिशेला आहे हेही माहीत नव्हतं, आणि घरी फोन नव्हता. हे मला आज दिसतं. त्या दिवशी मला फक्त एवढंच दिसलं, की निरोप आलेला नाही, म्हणजे काम झालं.

संध्याकाळी शहागंजला गेलो. चाचांच्या पोराचं दुकान घराखालीच. पोरगा कापडाचा तागा उलगडून गिऱ्हाइकाला दाखवत होता, चाचा फळीवर पाय सोडून बसले होते. मला बघून चहा मागवला, नानखटाई मागवली. पोरासमोर बोलता येत नव्हतं, म्हणून मी नुसती मान हलवली. चाचांनी तो इशारा पाहिला की नाही देव जाणे, म्हणून कोपऱ्यापर्यंत सोडायला आले तेव्हा शब्दांत सांगितलं.

"झालं काम."

"साहेब काय बोलले?"

"हां म्हणाले."

चाचांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग उरलेली नानखटाई कागदात बांधून माझ्या खिशात कोंबली. "बहू को दे. मास्तरनीबाई को."

सोमवारी सकाळी बोर्डावर कामाची वाटणी लागली. चाचांना ती वाचता येण्यासारखी नव्हती. शेजारच्या मशीनवरच्या ऑपरेटरनं मोठ्यानं वाचली. "चाचा, मुबारक. नवी नवरी तुमच्याच गळ्यात."

सगळे हसले. चाचा माझ्या दिशेला वळले.

मी जवळ जाऊन हळूच म्हणालो, "चाचा, आज जुन्या प्रेसवरच बसा. मी बघतो."

"साहब, बोर्डावर नाव आहे," ते म्हणाले. त्यांनी मला साहेब म्हणायची ही पहिलीच वेळ. "आणि तुम्हीच बघा. मेरेकू तो नै दिखता."

आणि गेले नवीन प्रेसवर. मी मागं धावलो, पण त्यांना हाताला धरून ओढणार कसं? आजूबाजूला सगळे बघत होते. ओढलं तर कारण सांगावं लागणार, आणि कारण सांगायचं नाही असं ठरलेलं. त्यात त्या दिवशी मोटारसायकल कंपनीचे पाहुणे आलेले. ते केबिनमध्ये चहा पीत होते, चहा झाला की नवीन प्रेस बघायला खाली उतरणार होते. म्हणजे प्रेस चालू हवी. चाचांनी हातमोजे घातले, पत्रा सरकवला, पॅडल दाबलं. धाड. पुन्हा पत्रा, पुन्हा धाड. जुन्या प्रेसशी बोलायचे तसं काही बोलत नव्हते. मी मागं उभा राहून प्रत्येक धाडेला स्वतःचेच हात खिशात घालत होतो.

मग एकदा हात यायला जरा उशीर झाला. चाचांनी पॅडलवरून पाय काढला. मोज्याच्या बोटाचं टोक उडालं होतं. बोट आत होतं, शाबूत. चाचांनी अंगठा त्या फाटक्या टोकावरून फिरवला, पुन्हा फिरवला, आणि पुढचा पत्रा उचलला.

जिना मी कसा चढलो ते आठवत नाही. केबिनचं दार वाजवायचं असतं, हे मात्र दार उघडल्यावर आठवलं. आत साहेब, पर्सोनेलवाले, खरेदीवाले आणि टायवाले पाहुणे. टेबलावर बिस्किटं.

मी म्हणालो, "सर, चाचांना दिसत नाही. प्रेस बंद करा."

पाऊस नाही, ज्वारी नाही. पहिल्याच वाक्यात मुद्दा. बायकोनं ऐकलं असतं तर पाठ थोपटली असती, फक्त वाक्य तिनं दिलेलं नव्हतं.

साहेबांनी फोन उचलला आणि प्रेस बंद करवली. हे त्यांनी आधी केलं, ही गोष्ट मी विसरलेलो नाही. मग माझ्याकडं वळले.

"दिसत नाही म्हणजे काय?"

आता इथं थांबायला हवं होतं. पण आयुष्यभर तुंबलेलं एकदा वाहायला लागलं, ते थांबेचना. मी साखर सांगितली, पडदा सांगितला, बशीच्या शेजारी पडलेला चहा सांगितला. बकरी ईदसुद्धा सांगितली. पर्सोनेलवाले लिहून घेत होते. पाहुण्यांपैकी एकानं हातातलं बिस्किट हळूच बशीत परत ठेवलं.

"आणि हे तुम्ही आज सांगताय?" साहेब म्हणाले. "शनिवारी का नाही बोललात?"

"बोललो सर. जीपपाशी. डाय स्टोअरला द्या म्हणालो."

"मला आठवत नाही."

"तुम्ही हां हां म्हणालात सर."

साहेब आठवायला लागले. "मी ड्रायव्हरला म्हणालो असेन," ते म्हणाले.

चाचांना वर बोलावलं. पाहुण्यांसमोरच. ते दारात उभे राहिले, फाटका मोजा हातात. पर्सोनेलवाले पुढं झाले आणि त्यांच्या तोंडासमोर पंजा धरला. "किती बोटं, सांगा बरं."

"जितनी अल्लानं दिली," चाचा म्हणाले. "माझीबी तितकीच आहेत अजून. मोजून घ्या."

कुणी हसलं नाही.

मी म्हणालो, "सर, त्यांना डाय स्टोअरला द्या." यावेळी नीट म्हणालो, बसलेल्या माणसांसमोर, उभ्यानं का होईना. पर्सोनेलवाले म्हणाले, मेडिकल रिपोर्ट आल्याशिवाय कुठंच नाही. नियम तसाच होता आणि साहेबांनी मान हलवली. चाचांना कंपनीच्या जीपमधून भर सकाळी घरी पाठवलं. पर्सोनेलवाले स्वतः सोबत गेले, चांगुलपणानंच गेले, आणि दुकानात गिऱ्हाइकं असताना पोराला सगळं समजावून सांगितलं. वडिलांची काळजी घ्या, त्यांना दिसत नाही, असं. दुपारपर्यंत गल्लीला कळलं.

मी शहागंजला गेलो. पोरानं चहा दिला, आभार मानले, "अब्बा झोपलेत," म्हणाला. पुढच्या खेपेलाही अब्बा झोपलेलेच होते. आत रेडिओ चालू होता.

मग मी एकच गोष्ट धरली. रोज मीटिंगमध्ये माझा नंबर आला, की पहिलं वाक्य: "सर, चाचांचं काय झालं?" रिजेक्शन नंतर, उत्पादन नंतर. मीटिंगमधले लोक कंटाळले. पर्सोनेलवाले एकदा म्हणाले, "अहो, तुमचे नातेवाईक आहेत का ते?" मी "हो सर" म्हणालो. सवयीनं म्हणालो, पण म्हटल्यावर परत घेतलं नाही. शेवटी मी तोंड उघडायच्या आतच साहेब म्हणायला लागले, "चाचांचं विचारणार असाल तर रिपोर्ट आलेला नाही. दुसरं बोला." मग दुसरं बोलायला लागलो. पत्रा खराब आलाय, हे खरेदीवाल्यांच्या शेजारी बसून सांगितलं. खरेदीवाले म्हणाले, "मग आधी का नाही सांगितलं?" एवढंच. मी वर्षानुवर्षं ज्याला घाबरत होतो, ते एवढंच होतं.

चाचांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तो बऱ्यापैकी सुधारला. दुसरा साखरेनं नेला होता. रिपोर्ट आला, कागद फिरले, आणि पावसाळ्याच्या शेवटी चाचा परत आले. डाय स्टोअरला. एक ग्रेड खाली.

हात वाचला होता, नोकरीही बऱ्यापैकी वाचली होती. तरी बसमध्ये चढताना पोरं त्यांचा दंड धरायची. कॅंटीनमध्ये कुणीतरी त्यांचं ताट उचलून आणायचं, चहा बशीत ओतून द्यायचं. माणसं चांगली होती म्हणूनच हे करत होती. चाचा चहा तसाच ठेवून उठायचे. पुढं पुढं कॅंटीनलाच येईनासे झाले. माझ्याशी बोलायचे ते कामापुरतं. कोणता डाय, कधी परत देणार, सही करा.

आणि माझं काय झालं म्हणाल, तर माझं नाव झालं. मोठे साहेब नवीन ट्रेनी पोरांना सांगायला लागले, बोलायचं कसं ते यांच्याकडून शिका, पाहुण्यांसमोर दार उघडून स्पष्ट सांगणारा माणूस आहे. दर नवीन बॅचला माझं एक भाषण ठरूनच गेलं. पहिल्या वाक्यात मुद्दा सांगा. भर मीटिंगमध्ये सांगा, जिन्यात नाही. समोरच्याच्या "हां हां"ला होकार समजू नका, परत विचारा. जीपपाशी उभा असलेला मी करून दाखवायचो, फोन पाडलेला मीही करून दाखवायचो. पोरं लोटपोट व्हायची, टाळ्या पडायच्या. ट्रेनिंगची खोली आणि डाय स्टोअर यांच्यामध्ये पत्र्याची भिंत होती.

एकदा सकाळचं भाषण संपवून मी डाय स्टोअरच्या खिडकीपाशी गेलो. चाचा एकटेच होते, डायला तेल लावत बसले होते. म्हटलं, आपण लोकांना शिकवतो तसं एकदा करून बघावं.

"चाचा, तुम्ही माझ्याशी का बोलत नाही?"

"बोलतो की. कोणता डाय पाहिजे?"

"डाय नको."

"मग खिडकी अडवू नको."

मी तिथंच उभा राहिलो. त्यांनी चिंधी पुन्हा तेलात बुडवली, पिळली.

"हात वाचला चाचा," मी म्हणालो.

"वाचला. तुझ्यामुळंच वाचला. घरात सगळे तुझं नाव घेतात. मीबी तुझ्यासाठी दुआ करतो, खोटं नाय." त्यांनी डाय उलटा केला. "पण मैं तेरेकू बात करने बोला था. मुनादी करने नै बोला था, गावभर दवंडी पिटायला. माझा नातू आता मला नमाजला हात धरून नेतो. मेरी बात थी बेटा. मेरेकू बोलने देना था."

"तुम्ही बोलला असतात?"

चाचांनी चिंधी खाली ठेवली. खरंच विचार करत होते. चांगला डोळा डायवर होता, दुसरा माझ्या खांद्यापलीकडं कुठंतरी.

"नै बोलता था," ते म्हणाले. "हात जाता, तो भी नै बोलता था."

इतक्यात वेल्डिंगचा एक जण डाय न्यायला आला. चाचा उठले, रॅकवरून हात फिरवत आत गेले, डाय उचलून आणला, सही घेतली. तो गेला. मला वाटलं, आता खिडकी लावून घेतील. त्यांनी लावली नाही.

"दुपारी परत आहे का तुझं भाषण?"

"आहे. दुसरी बॅच आहे."

"मग जरा हळू बोल. भिंत पत्र्याची आहे. ते बशीचं सगळं ऐकू येतं."

दुपारी मी हळू बोललो. बशीपाशी येऊन थांबलो आणि ते सोडून पुढं गेलो. मागच्या बाकावरनं कुणीतरी म्हणालं, "सर, ऐकू येत नाय."

मी म्हणालो, "पुढं सरकून बसा."